उदाहरणात न लिहिलेल्या अटी

‘एका फळीचे दोन तुकडे करायला सुताराला १० मिनिटं लागतात. तर तीन तुकडे करायला किती मिनिटं लागतील?’

माझ्या भाचीने चाचणीत उत्तर लिहिलं २०. त्यावर लाल फुली आणि शेजारी बाईंच्या अक्षरात १५. पेपर घेऊन ती माझ्याकडे आली तेव्हा रडवेली वगैरे नव्हती, चांगलीच चिडली होती. “मामा, दोन तुकडे म्हणजे एकदाच कापायचं ना? मग तीन तुकडे म्हणजे दोनदा.” तिचं बरोबर होतं. बाईंनी एकमान पद्धत लावली होती: दोन तुकड्यांना १०, म्हणून एकाला ५, म्हणून तिनांना १५. हे खरं मानलं तर फळीचा एकच तुकडा ‘करायला’, म्हणजे फळीला हातही न लावायला, ५ मिनिटं लागतात!

भाचीची बाजू घेऊन मी मोकळा झालो खरा, पण दोन दिवसांनी लक्षात आलं की १५ हे उत्तरही अगदीच टाकाऊ नाही. फळी चौरस आहे असं समजा. पहिला काप मधोमध, १० मिनिटं. आता हातात दोन आयत आले. त्यांतला एक आडवा कापायचा तर काप निम्म्याच लांबीचा, म्हणून ५ मिनिटं. एकूण १५. बाईंचं कारण चुकलं होतं, उत्तर मात्र एका वेगळ्या फळीसाठी बरोबर होतं. भाचीने फळी लांबट धरली होती आणि दोन्ही काप सारखे धरले होते. तसं उदाहरणात कुठेच लिहिलेलं नाही. ‘फळी’ म्हटलं की लांबट, हे आपणच धरून चालतो.

शाब्दिक उदाहरण दिसतं गोष्टीसारखं, पण तो असतो एक करार, आणि त्यातल्या बऱ्याचशा अटी कागदावर नसतात. काळ-काम-वेगाची उदाहरणं आठवा. १२ माणसं एक भिंत १० दिवसांत बांधतात, तर २० माणसं किती दिवसांत? उत्तर ६. यात आपण मुकाट्याने काय काय मान्य केलं? सगळी माणसं सारख्याच वेगाने काम करतात, कुणी थकत नाही, कुणी कुणाच्या आड येत नाही, आणि माणसं वाढवली की दिवस त्याच प्रमाणात कमी होतात. हे असंच ताणत नेलं तर १२० माणसं भिंत एका दिवसात उभी करतील आणि त्याच्या हजारपट माणसं दीड मिनिटाच्या आत. हौदाच्या उदाहरणातही तेच: हौद भरत आला तरी नळाची धार तीच, आणि खालच्या गळक्या तोटीतून जाणारं पाणीही एकाच वेगाने जाणार. खरं तर हौदातलं पाणी जितकं उंच तितकी खालची धार जोरात, पण ते लक्षात घेतलं तर उदाहरण शाळेचं राहत नाही, कलनशास्त्राचं होतं.

अशा गृहीतकांना माझी हरकत नाही. सगळ्या अटी लिहायच्या ठरवल्या तर दोन ओळींचं उदाहरण दोन पानांचं होईल. अडचण वेगळीच आहे. काही उदाहरणांत खरं जग विसरायचं असतं आणि काहींत तेच आठवायचं असतं. कुठे काय करायचं, याची खूण मात्र कुठेच नसते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात १३ वर्षांच्या मुलांना विचारलेला एक प्रश्न गणितशिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये फार प्रसिद्ध आहे. त्याचे निकाल १९८३ मध्ये जाहीर झाले. प्रश्न असा: लष्कराच्या एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायचं आहे, तर किती बस लागतील? भागाकार केला की ३१ येतात आणि बाकी उरते १२. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बिनचूक केला. पण २९ टक्के मुलांनी उत्तर लिहिलं ‘३१ बाकी १२’, आणि १८ टक्के मुलांनी ३१. म्हणजे १२ सैनिक मागेच राहिले. ३२ हे उत्तर २३ टक्क्यांनीच दिलं.

यावर ‘मुलं विचारच करत नाहीत’ असं म्हणणं फार सोपं आहे. पण वर्षानुवर्षं त्याच मुलांना ‘बाकी लिहा’ असं शिकवलेलं असतं. भिंत बांधताना माणसं थकत नाहीत हे ज्यांनी निमूट मान्य केलं, त्यांनाच आता बस म्हणजे खरीखुरी बस असते हे आठवायला सांगितलं जातं. परीक्षेचे नियम मधेच बदलले आणि ते कुणी सांगितलं नाही.

याचं टोक म्हणजे कप्तानाचं वय. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह फ्लोबेरने १८४१ मध्ये आपल्या बहिणीला पत्रातून गमतीने एक कोडं घातलं होतं: जहाजाचा ढीगभर तपशील द्यायचा आणि शेवटी कप्तानाचं वय विचारायचं. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरातल्या संशोधकांनी तोच खेळ लहान मुलांशी खेळून पाहिला. जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची आकडेमोड करून वय सांगितलं. २६ अधिक १०, म्हणून ३६. मुलं मूर्ख नव्हती, कराराला जागली होती. वर्गात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतंच, दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, आणि वजाबाकी करून आलेल्या १६ पेक्षा ३६ हे वय कप्तानाला जास्त शोभतं. हा शेवटचा विचार तर चक्क व्यवहारी आहे. गी ब्रुसो या फ्रेंच अभ्यासकाने शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या या अलिखित समजुतीलाच ‘करार’ म्हटलं. २०१८ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातल्या एका जिल्ह्यात पाचवीच्या पेपरात हाच प्रश्न आला आणि गदारोळ झाला. मुलं प्रश्नावरच शंका घेतात का ते पाहायचं होतं, असा खुलासा तिथल्या शिक्षण विभागाने केला. हेतू चांगला होता, पण मार्कांच्या पेपरात करार अचानक मोडायचा आणि मग मुलांची चूक काढायची, हे मला पटत नाही.

इथवर झालं ते न लिहिलेल्या गोष्टींबद्दल. कधीकधी लिहिलेला शब्दच दोन वाटांनी जातो, आणि हा दोष वेगळा आहे. गृहीतकाच्या बाबतीत वाचणाऱ्याला निदान कळतं की इथे काहीतरी धरलंय. दुहेरी अर्थात तेही कळत नाही, कारण प्रत्येकाला आपलाच अर्थ एकमेव वाटतो.

मराठीतलीच उदाहरणं घेऊ. ‘तिप्पट’ स्पष्ट आहे. ‘तीन पटींनी जास्त’ म्हणजे काय? बहुतेक जण तिप्पट समजतात, पण शब्दाला शब्द धरणारा म्हणेल की मूळ एक पट आणि वर तीन पट, म्हणजे चौपट. ‘५ पासून १० पर्यंतच्या संख्या’ सहा आहेत. ‘५ व १० च्या दरम्यानच्या’ चार म्हणाव्यात की सहा? ‘दिवसाआड’ म्हणजे एक दिवस सोडून, यावर वाद नाही. पण ‘दर दोन दिवसांनी’ हाच शब्दप्रयोग एकाला दिवसाआड वाटतो आणि दुसऱ्याला दोन दिवस सोडून तिसऱ्या दिवशी. आणि ‘परवा’ तर कालच्या मागेही असतो आणि उद्याच्या पुढेही! बोलताना वाक्यातलं क्रियापद, समोरच्याचा चेहरा, आधीचं बोलणं सगळं सावरून घेतं. परीक्षेत समोर फक्त कागद असतो.

अंतराचा एक प्रश्न मला फार आवडतो. युरोपातल्या संशोधकांनी तो मुलांना घालून पाहिला आहे. दोन मुलं एकाच शाळेत जातात. एकाचं घर शाळेपासून १७ किलोमीटरवर, दुसरीचं ८ किलोमीटरवर. त्यांच्या घरांत अंतर किती? बेरीज करणारा २५ म्हणेल, वजाबाकी करणारा ९. घरं विरुद्ध दिशांना असतील तर पहिलं बरोबर, एकाच दिशेला असतील तर दुसरं. आणि दिशा दिलेलीच नाही, तेव्हा ९ ते २५ मधलं कुठलंही अंतर शक्य आहे. कंपासने शाळेभोवती दोन वर्तुळं काढली की दिसतं. प्रश्नात चुकीचं काहीच नाही. फक्त ‘एकच उत्तर असतं’ ही आपली सवय त्यात बसत नाही.

आता ज्या प्रश्नाने प्रश्न काढणाऱ्यांचीच दांडी उडवली तो. अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी घेतात त्या एसएटी परीक्षेत १९८२ साली हा प्रश्न आला. एक लहान वर्तुळ आणि एक मोठं. लहानाची त्रिज्या मोठ्याच्या एक तृतीयांश. लहान वर्तुळ मोठ्याच्या कडेवरून न घसरता गोल गोल जातं. त्याचा मध्य पहिल्यांदा मूळ जागी परत येईल तेव्हा त्याच्या किती फेऱ्या झाल्या असतील? पर्याय होते दीड, ३, ६, साडेचार आणि ९.

सगळ्यांना सुचतं ३. मोठ्याचा परीघ लहानाच्या तिप्पट, म्हणून तीन फेऱ्या. परीक्षा घेणाऱ्यांचं उत्तरही तेच होतं. बरोबर उत्तर आहे ४, आणि ते पर्यायांतच नव्हतं.

विश्वास बसत नसेल तर दोन सारखी नाणी घ्या. एक टेबलावर बोटाने दाबून धरा आणि दुसरं त्याच्या कडेकडेने फिरवा. परीघ सारखाच, तेव्हा एक फेरी व्हायला हवी. पण नाण्यावरच्या आकड्याकडे नजर ठेवा: अर्ध्या वाटेवर पोहोचतानाच तो पुन्हा सरळ उभा झालेला दिसतो. पूर्ण वळसा होईपर्यंत नाणं दोनदा फिरतं. कारण त्याचा मध्य आतल्या नाण्याच्या कडेवरून जातच नाही. तो त्याहून मोठ्या, दोन त्रिज्यांच्या वर्तुळावरून जातो. एसएटीच्या प्रश्नात मध्याची वाट १ + ३ म्हणजे ४ त्रिज्यांची, म्हणून फेऱ्या चार. सरळ रेषेवर चालताना जितक्या फेऱ्या होतात तितक्या होतातच, वर एक फेरी निव्वळ वळसा घातल्याची मिळते.

त्यातच शब्दाचा घोळ होता. मूळ प्रश्नात ‘रेव्होल्यूशन’ हा शब्द होता. मराठीत भूगोलाच्या पुस्तकाने आपल्याला दोन वेगळे शब्द देऊन ठेवलेत: स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. त्या इंग्रजी शब्दात दोन्ही मावतात. परिभ्रमण धरलं तर उत्तर १. म्हणजे एकाच वाक्याला १, ३ आणि ४ अशी तीन उत्तरं, तिन्हींमागे काहीतरी विचार, आणि पर्यायांत फक्त तेच जे चूक होतं. सुमारे ३ लाख मुलांनी ती परीक्षा दिली होती. चूक कळवली ती तिघांनी. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने ती कबूल केली आणि प्रश्न रद्द करून सगळ्यांचे गुण पुन्हा मोजले.

ही गोष्ट नुसती कागदावरची नाही. वर्षात आपण सूर्योदय ३६५ पाहतो, पण ताऱ्यांच्या तुलनेत पृथ्वी स्वतःभोवती ३६६ वेळा फिरलेली असते. तो जादाचा एक म्हणजे सूर्याभोवतीचा वळसा. आपल्या नाण्याचाच हिशेब.

संभाव्यतेच्या प्रश्नांत तर न लिहिलेली अट अख्खं उत्तर फिरवते. एका बाईंना दोन अपत्यं आहेत, त्यांपैकी किमान एक मुलगा आहे. दोघंही मुलगे असण्याची शक्यता किती? थोरलं-धाकटं या क्रमाने चार जोड्या होतात: मुलगा-मुलगा, मुलगा-मुलगी, मुलगी-मुलगा, मुलगी-मुलगी. शेवटची बाद. उरल्या तीन, त्यांतली एक हवी, म्हणून एक तृतीयांश. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात हेच उत्तर दिलं होतं. मागाहून त्यांनीच मान्य केलं की प्रश्न नीट मांडलेला नव्हता. कारण ‘किमान एक मुलगा आहे’ हे आपल्याला कळलं कसं, यावर सगळं अवलंबून आहे. दोन अपत्यं असलेल्या सगळ्या बायकांना ‘तुम्हाला मुलगा आहे का?’ असं विचारून ‘हो’ म्हणणाऱ्या निवडल्या असतील, तर एक तृतीयांश. पण बाई वाटेत भेटल्या, दोघांपैकी कुठलं तरी एक अपत्य सोबत होतं आणि तो मुलगा निघाला, तर निम्मी शक्यता. दोन मुलगे असलेल्या घरातून मुलगाच सोबत येणार, मिश्र घरातून निम्म्या वेळाच, त्यामुळे मिश्र घरांचं वजन अर्धं होतं. माहिती तीच, मिळाली वेगळ्या वाटेने. (मुलगा आणि मुलगी यांची शक्यता सारखी धरली आहे, हेही न लिहिलेलंच. प्रत्यक्षात जन्माला येणाऱ्यांत मुलगे किंचित जास्त असतात.)

‘पुढची संख्या कोणती?’ हा प्रकार मी फार गंभीरपणे घेत नाही. १, २, ४, ८, १६ नंतर ३२ लिहावं हे खरं, पण वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना रेघांनी जोडत गेलात तर जास्तीत जास्त भाग पडतात ते असे: १, २, ४, ८, १६, ३१. दिलेल्या संख्यांना बसणारे नियम कितीही काढता येतात. तेव्हा प्रश्न खरं तर ‘माझ्या मनात कोणता नियम आहे?’ असा असतो.

मोठ्या परीक्षा याचा काही बंदोबस्त करतात. पहिला म्हणजे अटी पेपराच्या सुरुवातीलाच लिहून टाकणं. एसएटीच्या सूचनांत लिहिलेलं असतं की वेगळं सांगितलं नसेल तर आकृत्या प्रमाणात काढलेल्या आहेत. पदवीनंतरच्या शिक्षणाच्या प्रवेशासाठी घेतात त्या जीआरई परीक्षेची सूचना उलटी: भूमितीच्या आकृत्या प्रमाणात असतीलच असं नाही. म्हणजे तोच काटकोनासारखा दिसणारा कोन एका परीक्षेत तुम्हाला मदत करतो आणि दुसरीत खड्ड्यात घालतो. पेपर हातात आला की सूचनांवरून भराभर नजर फिरवून पान उलटणारे यातच सापडतात.

दुसरा बंदोबस्त आकडेवारीचा. प्रश्न आधी थोड्या मुलांना देऊन बघतात. एकूण पेपरात वरचढ ठरलेली मुलं या प्रश्नात खालच्या मुलांपेक्षा जास्त चुकली, तर प्रश्नात किंवा उत्तरसूचीत गडबड असण्याची दाट शक्यता. हुशार मुलांना दुसरा अर्थ दिसलेला असतो. पण ही चाळणी सगळं पकडत नाही. ती फक्त एवढंच मोजते की हुशार मुलांचं उत्तर उत्तरसूचीशी जुळतं का. फिरणाऱ्या वर्तुळासारख्या प्रश्नात काढणारा आणि सोडवणारा एकाच दगडाला ठेचकाळले, तर आकडे स्वच्छ दिसतात आणि चूक तशीच पुढे जाते.

मग सोडवणाऱ्याने काय करावं? सविस्तर उत्तराचा पेपर असेल तर ‘फळी लांबट व दोन्ही काप सारखे धरले आहेत’ असं एक वाक्य लिहिण्यासारखा स्वस्त विमा नाही. तपासणाऱ्याला तुमचं उत्तर चूक ठरवायचं असेल तर आधी ते वाक्य चूक ठरवावं लागतं. पर्यायी प्रश्नांत ही सोय नाही. तिथे दोन अर्थ दिसले की दोन्हींची उत्तरं काढून पर्यायांत बघायची. एकच सापडलं तर अर्थ कळला. दोन्ही सापडली तर जो अर्थ लावायला कमीत कमी जादा गोष्टी धराव्या लागतात तो घ्यायचा आणि पुढे जायचं. एकही नाही सापडलं, तर आधी स्वतःवर शंका घ्या, मग प्रश्नावर. प्रश्नावर शंका शेवटीच घ्यावी, पण घ्यावी जरूर.

हे सगळं इतक्या अधिकाराने सांगतोय, तर माझंही सांगून टाकतो. एका मित्राच्या शिकवणीसाठी मी सराव पेपर काढला होता. त्यात एक प्रश्न होता: ‘१०० मीटर लांबीच्या रस्त्याच्या कडेने दर ५ मीटरवर एक झाड लावलं, तर किती झाडं लागतील?’ सापळा लावल्याच्या आनंदात होतो. भागाकार करून २० लिहिणारे अडकणार, दोन्ही टोकांची झाडं मोजणाऱ्यांना २१ मिळणार. एका पोराने १९ लिहिलं. टोकांना चौक असतात, तिथे झाड कोण लावेल, असं त्याचं म्हणणं. ठीक, तेही मान्य केलं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीचा पेपर आला. उत्तर ४२. मी फुली मारली, आणि पेन उचलायच्या आत खालची ओळ दिसली. तिने लिहिलं होतं, “रस्त्याला कडा दोन असतात.”